ब्रोली की सुपर हिरो? ड्रॅगन बॉलचा एकच चित्रपट बघायचा असेल तर

शाळेतून आल्यावर कार्टून नेटवर्कवर हिंदीतला 'ड्रॅगन बॉल झी' बघत वाढलेली पिढी आता तिशी-पस्तिशीत आहे. फ्रीझा आणि सेल हे खलनायक आठवतात, पुढचं सगळं धूसर. 'ड्रॅगन बॉल सुपर'चे १३१ भाग बघायला वेळ नाही, पण एखादा चित्रपट निवांत बघावा असं वाटतं. शोधायला गेलं की दोन नावं पुढे येतात: २०१८ चा 'ड्रॅगन बॉल सुपर : ब्रोली' आणि २०२२ चा 'ड्रॅगन बॉल सुपर : सुपर हिरो'. दोन्ही तोएई ॲनिमेशनचे, दोन्हींची पटकथा खुद्द ड्रॅगन बॉलचे जनक अकिरा तोरियामा यांची, लांबीही दोन्हींची साधारण १०० मिनिटं. तरी एकाच्या अपेक्षेने दुसरा लावलात तर हिरमोड व्हायची शक्यता बरीच आहे.

'हाणामारी हवी असेल तर ब्रोली, गोष्ट हवी असेल तर सुपर हिरो' असा सल्ला बहुतेक जण देतात. मला तो पटत नाही. गोष्ट दोन्हींत आहे, आणि खरं तर विषयही एकच आहे: प्रचंड ताकद असलेलं मूल कोणाच्या हाती पडतं आणि ते हात त्याचं काय करतात. 'ब्रोली'त हे हात बापाचे आहेत. 'सुपर हिरो'त ते गुरूचे आहेत. तुम्हाला यातलं कुठलं नातं जास्त भिडेल, यावर निवड करावी असं मला वाटतं. ॲनिमेशन, भाषा, मुलांचं वय या गोष्टी त्यानंतर.

'ब्रोली' सुरू होतो ४१ वर्षं मागे, मालिकेचा नायक गोकू याचा प्रतिस्पर्धी व्हेजिटा अजून बाळ असतानाच्या काळात. सायन या लढवय्या जमातीच्या ग्रहावर राजा व्हेजिटाला कळतं की पारागस नावाच्या एका सेनाधिकाऱ्याच्या बाळाची ताकद आपल्या राजपुत्रापेक्षा जास्त आहे. मत्सरापोटी तो त्या बाळाला, म्हणजे ब्रोलीला, वाम्पा नावाच्या ओसाड ग्रहावर धाडतो. पारागस यान चोरून पोराच्या मागे जातो. यान नादुरुस्त होतं, परतीचा रस्ता संपतो. सोबत आलेला एक साथीदार असतो. पारागस उरलेल्या अन्नाचा हिशेब करतो आणि त्याला तिथल्या तिथे गोळी घालतो. हा प्रसंग काही सेकंदांचाच आहे, पण पुढची पन्नासेक मिनिटं या बापाकडे तुम्ही कसं बघणार, ते तिथे ठरून जातं.

काही वर्षांनी गोकूचे आईवडील, बार्डॉक आणि गिने, आपल्या मुलाला वाचवण्यासाठी पृथ्वीकडे पाठवतात. हा भाग तोरियामांनी २०१४ मध्ये एका छोट्या मांगा-प्रकरणात (मांगा म्हणजे जपानी कॉमिक) लिहिला होता, तो इथे पडद्यावर आला आहे. एक बाप पोराला जगवायला दूर पाठवतो, दुसरा सूड उगवायला जवळ ठेवतो. तोरियामा यावर भाष्य करत नाहीत, दोन यानं एकामागोमाग दाखवतात आणि पुढे जातात.

जुन्या चाहत्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ब्रोली हे पात्र १९९३ पासूनच्या चित्रपटांत होतं. पाळण्यात शेजारी असलेला गोकू रडायचा म्हणून त्याच्यावर जन्मभराचा राग, असं त्या वेळचं कारण होतं. ते चित्रपट तोरियामांनी लिहिलेले नव्हते. २०१८ मध्ये त्यांनी हे पात्र हाती घेतलं आणि राग काढून टाकून तिथे एकटेपणा ठेवला. नव्या ब्रोलीच्या कमरेला हिरव्या केसांचं एक कातडं गुंडाळलेलं असतं. ते कशाचं, हे तो त्याला वाम्पावरून शोधून आणणाऱ्या चीलाई आणि लेमो या दोन साध्या कर्मचाऱ्यांना फ्रीझाच्या यानात सांगतो. वाम्पावरच्या एका महाकाय जनावराशी त्याची मैत्री झाली होती. मैत्रीने सरावात ढिलाई येईल म्हणून बापाने त्या जनावरावर गोळी झाडली, त्याचा कान तुटला, आणि ते पुन्हा कधी जवळ आलं नाही. तोच कान ब्रोली अंगावर वागवतो. लेमो आपल्या वाट्याचं खाणं त्याच्यापुढे सरकवतो, ते तो ज्या अदबीने हातात घेतो ते बघा. ताकदीच्या बाबतीत विश्वाला हादरवणारा हा माणूस वागण्यात सात-आठ वर्षांच्या मुलासारखा आहे.

आणि मग गोकू-व्हेजिटाशी लढाई. बर्फाळ प्रदेशात सुरू झालेली ही झुंज जवळजवळ उरलेला सगळा चित्रपट व्यापते. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण चित्रपटाची कीर्ती यावरच उभी आहे आणि ती खोटी नाही. दिग्दर्शक तात्सुया नागामिने यांच्या या चित्रपटाची पात्ररचना नाओहिरो शिंतानी यांची. शिंतानींनी आधीच्या मालिकेतल्या टोकदार, चकचकीत रेषा काढून टाकल्या, छटा कमी केल्या, शरीरं थोडी गोलसर आणि मऊ केली. रेषा कमी झाल्या की चित्रकाराला आकृती मोकळेपणाने फिरवता येते, आणि त्याचा फायदा प्रत्येक ठोशात दिसतो. ब्रोली लढता लढता शिकतो, हे कोणी बोलून दाखवायची गरज पडत नाही. सुरुवातीला तो नुसता अंगावर धावून जातो, थोड्या वेळाने व्हेजिटाचे वार चुकवू लागतो, मग तेच वार परत करतो. देहबोली बदलत जाते आणि आपण ती वाचत राहतो. मध्येच कॅमेरा थेट लढणाऱ्याच्या डोळ्यांतून बघू लागतो तेव्हा तर खुर्चीचे हात घट्ट धरावेसे वाटतात. नोरिहितो सुमितोमो यांच्या संगीतात लढणाऱ्यांची नावं घोषणांसारखी गर्जत राहतात, कुस्तीच्या फडातल्या आरोळ्यांसारखी. आवाज मोठा ठेवता येईल अशा वेळीच हा चित्रपट लावा.

दोषही आहे. ही झुंज लांबते. शेवटच्या टप्प्यात संगणकीय दृश्यं हाताने काढलेल्या चित्रांत मिसळतात तेव्हा जोड दिसतो. गोकू आणि व्हेजिटा लढताना अप्रतिम दिसतात, पण त्यांच्या मनात काय चाललंय यात चित्रपटाला फारसा रस नाही. ज्यांना मारामारीचा मुळातच कंटाळा आहे, त्यांनी पहिली पन्नास मिनिटं आवडली म्हणून पुढचीही आवडतील असं गृहीत धरू नये.

'सुपर हिरो'त गोकू आणि व्हेजिटा जवळजवळ नाहीतच. ते बीरस या विनाशाच्या देवाच्या ग्रहावर सराव करत असतात आणि पृथ्वीवर काय घडतंय याची त्यांना खबरही नसते. गोकूसाठी चित्रपट लावणाऱ्यांना हे आधी माहीत असलेलं बरं. इथला नायक पिकोलो आहे, आणि ज्याने लहानपणी पिकोलोला आपल्या चेल्यासाठी, म्हणजे गोकूच्या मुलासाठी, गोहानसाठी जीव देताना बघितलं आहे त्याला याहून मोठी भेट मिळू शकत नाही.

पिकोलो आता गोहानच्या तीन वर्षांच्या मुलीला, पॅनला, शिकवतो. सकाळी तिचा सराव घेतो. तिला उडता येत नाही म्हणून तो रागावत नाही, पाया पक्का करून घेतो. गोहान कीटकांच्या अभ्यासात इतका बुडालेला आहे की मुलीला शाळेतून आणायलाही त्याला फुरसत नाही, म्हणून त्याची बायको व्हिडेल पिकोलोला फोन करते. एके काळी जग जिंकायला निघालेल्या राक्षसाचा वारस कानाला मोबाईल लावून 'बरं, मी आणतो' म्हणतो. व्हिडेलने त्याला मऊ खेळणी भेट दिलेली असतात. ती त्याला आवडतात असा तिचा समज आहे आणि तो काही बोलत नाही. पण मुलीकडे दुर्लक्ष करणाऱ्या गोहानला मात्र तो घरात जाऊन खडसावतो. तालमीतल्या वस्तादाला आपल्या चेल्याचं पोट सुटलेलं दिसलं तर तो जसा बोलेल, तसंच. हा अधिकार रक्ताच्या नात्यातून येत नाही, त्याने तो वर्षानुवर्षं राबून मिळवला आहे. चित्रपटाचं सगळं बळ या एका नात्यात आहे.

कथेत रेड रिबन आर्मी ही गोकूची जुनी शत्रुसेना परत येते. तिचा शास्त्रज्ञ डॉ. गेरो याचा नातू डॉ. हेडो हा हुशार, बिस्किटांचा शौकीन तरुण दोन नवे अँड्रॉइड, म्हणजे यंत्रमानव, बनवतो: गामा १ आणि गामा २. गंमत अशी की हे दोघे दुष्ट नाहीत. आपण जगाचे रक्षक आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत करून दिलेली आहे. त्यांचे ठोसे बसले की पडद्यावर कॉमिकसारखी अक्षरं उमटतात. पिकोलो शिपायाचा वेश घेऊन त्यांच्या तळात शिरतो. तो मधला भाग गुप्तहेरकथेसारखा हलकाफुलका आहे, आणि पॅनच्या अपहरणाच्या प्रसंगात हास्य आणि ताण इतके जवळ येतात की तोरियामांच्या जुन्या, झीच्याही आधीच्या ड्रॅगन बॉलची आठवण होते. पुढे भर पावसात गोहान आणि गामा १ समोरासमोर येतात. ती लढत 'ब्रोली'तल्या कुठल्याही लढतीइतकी मोठी नाही, पण ती कशासाठी चालली आहे हे प्रत्येक क्षणी ठाऊक असतं.

शेवट मात्र कमकुवत आहे. शेवटी जो प्रतिस्पर्धी उभा राहतो त्याला मन नाही, स्वभाव नाही, तो फक्त आकाराने मोठा आहे. गामांसारखी रंगतदार पात्रं उभी केल्यावर असा शत्रू आणणं मला खटकलं. नवी रूपांतरंही फार लवकर हाती लागतात.

आता दिसण्याबद्दल. दिग्दर्शक तेत्सुरो कोदामा यांनी 'सुपर हिरो' मुख्यतः संगणकीय त्रिमितीत केला आहे, वरून चित्रासारख्या छटा देऊन. पहिली दहा मिनिटं डोळ्यांना परकी वाटतात. लोक नुसते उभे राहून बोलतात तेव्हा चेहरे ताठ दिसतात. मग सवय होते, आणि हाणामारीत कॅमेरा पात्रांभोवती ज्या मोकळेपणाने फिरतो तो हाताने काढलेल्या चित्रांत फार मेहनतीने जमला असता. तरी माझा कौल 'ब्रोली'लाच. हाताच्या रेषेत जी थरथर असते, जी घाई असते, ती रागाच्या क्षणी काम करते.

पूर्वज्ञानाच्या बाबतीत अंदाज उलटा पडतो. 'ब्रोली' भव्य आहे म्हणून तो जाणकारांसाठी असेल असं वाटतं, पण तो मुळापासून गोष्ट सांगतो. सायन कोण, फ्रीझा कोण, ग्रह कसा गेला, सगळं आत आहे. कधीही ड्रॅगन बॉल न बघितलेल्या मित्राला मी तोच दाखवेन. 'सुपर हिरो' सुरुवातीला रेड रिबनचा इतिहास भराभर सांगून टाकतो, पण पिकोलो आणि गोहान यांचं जुनं नातं, सेल, गोहानच्या आत दडलेली ताकद हे तुम्हाला आधीच आपलं वाटत असेल तरच तो काळजाला लागतो. म्हणजे नवख्याला 'ब्रोली', आणि सेलपर्यंत झी बघून थांबलेल्याला 'सुपर हिरो'. दोन्ही बघणार असाल तर २०१८ चा आधी, कारण ब्रोली, चीलाई आणि लेमो दुसऱ्यात पुन्हा भेटतात.

लहान मुलं सोबत असतील तर मी 'सुपर हिरो'च लावेन. पॅन त्यांच्याच वयाची वाटते, हसायला भरपूर जागा आहेत. 'ब्रोली'त मुलाच्या गळ्यात बापाने घातलेला विजेचा पट्टा आहे, थंडपणे केलेले खून आहेत, आणि ते फक्त रक्त दिसत नाही म्हणून सौम्य होत नाहीत. दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांना तो दाखवायला हरकत नाही, पण शेजारी बसा. पारागसबद्दल ती प्रश्न विचारतात, आणि ते प्रश्न विचारण्यासारखेच आहेत.

भाषेबद्दल एवढंच: जमलं तर दोन्ही मूळ जपानीत, उपशीर्षकांसह बघा. गोकूचा आवाज देणाऱ्या मासाको नोझावा १९३६ च्या. 'ब्रोली' आला तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या आणि त्यात त्यांनी गोकूही केला, त्याचा बाप बार्डॉकही. 'सुपर हिरो'त गोहानचा आवाजही त्यांचाच, वयाच्या ८५ व्या वर्षी. चष्मा लावून पुटपुटणारा अभ्यासक आणि पावसात किंचाळणारा बाप हे दोन्ही एकाच गळ्यातून येतात. पिकोलोसाठी तोशिओ फुरुकावा आहेत, आणि तो खर्जातला करडा आवाज हिंदीत ऐकलेल्यांनी एकदा मूळात ऐकायलाच हवा.

तोरियामा १ मार्च २०२४ रोजी गेले. त्यांच्या हयातीत आलेला ड्रॅगन बॉलचा शेवटचा चित्रपट 'सुपर हिरो' ठरला, आणि त्यात त्यांनी गोकूला बाजूला बसवून पिकोलोच्या हाती कथा दिली. एकच रात्र असेल आणि तुम्ही झी मनापासून बघितलेला असेल, तर माझं मत त्याच्याच बाजूने आहे, दिसण्यातल्या सगळ्या उणिवा धरूनही. नवीन असाल, किंवा ॲनिमेशनमधली झुंज किती उंचीला जाऊ शकते एवढंच बघायचं असेल, तर 'ब्रोली'. आणि 'सुपर हिरो' लावलात तर श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नका. गोकू आणि व्हेजिटाच्या सरावातल्या लढतीचा निकाल त्यानंतर लागतो, आणि जुन्या व्हेजिटाप्रेमींनी तो चुकवू नये.