'थ्री फीट हाय अँड रायझिंग' : आठ महिने ऐकल्यानंतर

डे ला सोल या अमेरिकन रॅप गटाचा हा पहिला अल्बम घेतला तेव्हा दोनदा ऐकला आणि ठेवून दिला. पचलाच नाही. चोवीस तुकडे. मधेच कोणी टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेसारखं विचारतंय की कोंबडीला पिसं किती, बॅटमोबिल किती वेळा पंक्चर झाली. मधेच कोणी फ्रेंच शिकवतंय. एकही गाणं हाताला लागेना. आज हाच अल्बम आठवड्यातून तीन-चारदा वाजतो, तोही पहिल्यापासून शेवटपर्यंत.

फरक पडला तो लोकलमुळे. डोंबिवलीहून सीएसएमटीला स्लो गाडीत बसलं की तासाभराहून जरा जास्त वेळ लागतो. अल्बमही साधारण तेवढाच. उभ्याने प्रवास, एका हातात कडी, त्यामुळे गाणं पुढे ढकलायची सोयच नाही. क्रमाने ऐकत गेले आणि तिसऱ्या आठवड्यात कुठे ध्यानात आलं की हे चोवीस तुकडे नाहीतच, सलग एक बैठक आहे.

बैठक जमवणारी मंडळी कोण, हे कळल्यावर ऐकणं आणखी सोपं झालं. पॉस्डन्युओस, ट्रुगॉय आणि मेसिओ हे तिघे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या अ‍ॅमिटिव्हिल गावचे, शाळेपासूनचे दोस्त. त्यांच्याच गावचा प्रिन्स पॉल तेव्हा स्टेट्सासॉनिक या गटाचा डीजे होता, तो निर्माता झाला. रेकॉर्डिंग न्यूयॉर्कच्या कॅलिओपी स्टुडिओत झालं आणि मार्च १९८९ मध्ये टॉमी बॉय कंपनीने अल्बम बाजारात आणला. त्या काळी रॅपर म्हटलं की जाड सोनसाखळ्या आणि करडा चेहरा. हे तिघे मात्र रंगीबेरंगी शर्टांत, पिवळ्याधमक कव्हरवर फुलांच्या मधोमध. ट्रुगॉय हे नावसुद्धा 'योगर्ट' उलटं वाचून केलेलं, कारण त्याला दही आवडायचं.

आता खरा मुद्दा, सॅम्पलचा. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून त्यावर नवं गाणं उभं करायचं, हे रॅपमध्ये आधीपासून चालत होतं. पण बहुतेकांचा ओढा फंककडे. या पोरांनी घरातल्या सगळ्या रेकॉर्ड काढल्या. 'द मॅजिक नंबर' हे गाणं १९७३ मध्ये अमेरिकन टीव्हीवर लागलेल्या मुलांच्या एका गाण्यावर बेतलंय. तो चक्क तीनाचा पाढा आहे! त्यातच जॉनी कॅश या अमेरिकन गायकाचा आवाज येतो, पुराचं पाणी किती चढलं ते सांगणारा, आणि अल्बमचं नावही तिथूनच आलं. 'कूल ब्रीझ ऑन द रॉक्स' हा मिनिटभराचाही तुकडा नाही, पण त्यात ज्याच्या-त्याच्या गाण्यातला 'रॉक' शब्द एकामागून एक येतो. आपल्याकडे सहलीच्या बसमध्ये एकाच शब्दावर अंताक्षरी रंगते ना, अगदी तसं. हे जाणवलं त्या दिवशी मी कुर्ल्यापासून भायखळ्यापर्यंत तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकलं.

'आय नो'बद्दल मात्र थांबून लिहायलाच हवं. त्यातली प्रेमाची कबुली स्टीली डॅन या बँडच्या 'पेग' गाण्यातून उचललेली. खालचे ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी वाद्यं, मॅड लॅड्स या मेम्फिसच्या गायकमंडळींच्या गाण्यातले. आणि मग ती शीळ येते. ओटिस रेडिंग या अमेरिकन गायकाने 'डॉक ऑफ द बे' गाण्याच्या शेवटी घातलेली. डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात ओटिस गेला आणि ते गाणं त्यानंतर बाहेर आलं, म्हणून मूळ गाण्यात ती शीळ ऐकताना पोटात तुटतं. इथे तीच शीळ पहिल्यांदा प्रेमात पडलेल्या मुलाच्या तोंडी बसते. सूर तेच, श्वास तोच, पण माणसाने घरी जाताना वाटेत गुणगुणावं तसं वाटतं. उचलेगिरी म्हणणाऱ्यांना मी हे एक गाणं ऐकवते. दुसऱ्याची वस्तू घेऊन तिला नवं घर देणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

फुलाफुलांचं कव्हर बघून सगळं गोडगोड असेल असं मात्र समजू नका. 'से नो गो' हॉल अँड ओट्स या गायकजोडीच्या नाचऱ्या चालीवर आहे, विषय क्रॅक कोकेनचा, आणि सुरुवात होते व्यसनाच्या खाईत जन्मलेल्या बाळापासून. पहिले दोन महिने मी त्यावर नुसता पाय हलवत होते. शब्द वाचले तेव्हा पाय थांबला. 'घेटो थँग' तर सरळसरळ गरिबीचं गाणं आहे.

काय खटकतं तेही सांगते. प्रश्नमंजुषा पाचव्या-सहाव्यांदा ऐकताना शिळी होते. 'डे ला ऑर्जी' हा कामुक आवाजांचा तुकडा घरात सगळ्यांसमोर लावू नका, मी लावलं आणि धावत जाऊन बंद केलं. 'बडी'मध्ये पाहुणे रॅपर मस्त रंगतात, पण मुलींकडे बघण्याची नजर वयात आलेल्या पोरांची आहे आणि ती शेवटपर्यंत तशीच राहते. एलपीचा अनुभव तर वाईटच: ऑनलाइन मागवलेल्या दोनपैकी एक तबकडी वाकडी निघाली, सुई होडीसारखी डुलायची. बदलून मिळायला पाच आठवडे गेले. घेतल्याबरोबर सपाट जागी ठेवून तपासा.

फोनवर हा अल्बम आता सहज मिळतो, पण ते फार उशिरा जमलं. फ्रेंचच्या धड्याखाली टर्टल्स या जुन्या बँडच्या गाण्याचा संथ केलेला तुकडा वाजतो, त्यावरून दावा झाला आणि कोर्टाबाहेर मिटला. बाकी सॅम्पलचे करार जुन्या माध्यमांपुरते होते, डिजिटलचा त्यात विचारच नव्हता. वर्षानुवर्षं अल्बम अडकून पडला. २०१४ च्या व्हॅलेंटाइन डेला गटाने वैतागून आपले अल्बम २५ तास फुकट वाटले. शेवटी ३ मार्च २०२३ ला तो स्ट्रीमिंगवर आला. त्याच्या एकोणीस दिवस आधी, १२ फेब्रुवारीला, ट्रुगॉय गेला. ५४ वर्षांचा होता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्याला बघायला मिळालं नाही, याची मला दर वेळी हळहळ वाटते. 'मी मायसेल्फ अँड आय'मध्ये मला माझ्यासारखा राहू द्या, असं तो किती मोकळेपणी सांगतो. त्याचा आवाज आला की मी फोन पर्समध्ये टाकते आणि डोळे मिटून ऐकते.

परवा रात्री भांडी लावत होते. आतल्या खोलीत मुलगी गणितं सोडवत बसली होती आणि शीळ घालत होती. ओटिसचीच. कुठून शिकलीस विचारलं, तर म्हणाली, "आई, ते तुझं पिवळं फुलांचं गाणं ना!"