तीन पांढरे ड्रेस, आठ महिने आणि उसवलेली एक दुमड

गेल्या रविवारी आमच्या मधल्या मुलीच्या पांढऱ्या ड्रेसची खालची दुमड उसवली आणि माझं डोकंच फिरलं. आतून निघालेला ४ सेंटीमीटरचा पट्टा पांढराशुभ्र, आणि वरचा अख्खा ड्रेस पिवळट. एकाला एक लागून होते म्हणून कळलं, नाहीतर मी हा ड्रेस पांढराच समजून चालले होते. आठ महिन्यांत तो अंगावर चढला फक्त दोनदा. एकदा समारंभाला, एकदा फोटोसाठी. धुतलाही दोनदाच, गार पाण्यात, हाताने. बाकी सगळा काळ कपाटात, दुकानाने दिलेल्या त्याच पारदर्शक कव्हरमध्ये, अगदी लाडाने ठेवलेला. लाडाने ठेवला हीच चूक झाली, पण ते पुढे.

एकाच हंगामात घरात तीन समारंभ आले होते. थोरलीची पदवी, मधलीचा शाळेचा एक टप्पा संपला तो, आणि बहिणीच्या धाकटीची बालवाडी. तिन्हीकडे पांढरा ड्रेस सक्तीचा. थोरली २१ वर्षांची, उंची १६६ सेंमी. मधली १३ ची, तेव्हा १५१. धाकटी ६ ची, ११४. एकाच ऑनलाइन दुकानातून तिन्ही घेतले, कारण तीनवर सूट होती. सूट बघून घेतलेल्या वस्तूने आजवर माझं भलं केलेलं नाही, पण खोड जात नाही. बाह्या किती, पाठ किती उघडी चालते, हे तुमच्या शाळा-कॉलेजच्या पत्रकात असेलच. त्यात शिरत नाही.

मापाचं मात्र सांगते. लेबलवरच्या वयावर अजिबात जाऊ नका. '५-६ वर्षे' लिहिलेला ड्रेस धाकटीच्या गुडघ्याच्या चार बोटं वर आला, परत पाठवावा लागला. मुलांच्या कपड्यांची युरोपीय मापं सरळ उंचीवर असतात, ११०, ११६, १२२ अशी ६-६ सेंटीमीटरने चढत जाणारी. त्यात ११४ च्या मुलीला ११६ घेतला की प्रश्न मिटतो. दुसऱ्यांदा तसाच मागवला आणि पहिल्याच फटक्यात बसला.

मोठ्या मुलींच्या बाबतीत 'गुडघ्यापर्यंत' हा शब्द फसवा आहे. कोणाच्या गुडघ्यापर्यंत? मानेच्या मागच्या हाडापासून टेप लावला तर मधलीला गुडघा ८८ सेंटीमीटरवर येतो, थोरलीला ९७ वर. एकच ड्रेस एकीला नीट आणि दुसरीला आखूड का, याचं उत्तर या ९ सेंटीमीटरमध्ये आहे. माप घेताना त्या दिवशीच घालायचे बूट पायात हवेत. थोरलीचं माप अनवाणी घेतलं, मग ५ सेंटीमीटरची टाच चढली आणि चालीबरोबर खालचा काठ जिथे पडायचा तिथे पडेना. शिवाय वरून गाऊन. गाऊनच्या खालून ड्रेस डोकावला की फोटोत पहिली नजर तिथेच जाते.

आता माझा आवडता विषय. दुमड. शिंपी ज्याला मार्जिन म्हणतात ती. घरातले हसतात, पण वाढत्या मुलीचा पांढरा ड्रेस घेताना मी आधी तो उलटा करते आणि खालची दुमड बोटांनी मोजते. रंग, लेस, गळा सगळं नंतर. वयात येण्याआधी मुली वर्षाला साधारण ५-६ सेंटीमीटर वाढतात आणि त्या मधल्या झपाट्यात ८ पर्यंत जातात. त्यातही पाय आधी लांबतात, धड मागून येतं. म्हणजे ड्रेस आधी खालून आखूड होतो आणि मग कमरेची शिलाई हळूहळू वर सरकून बरगड्यांवर येते. खालचं दुमडीतून काढता येतं, कमरेचं काहीच करता येत नाही. म्हणून १० ते १४ च्या मुलीला कमरेवर शिलाई असलेला ड्रेस घेऊच नये, या मताची मी झाले आहे. शिलाई छातीच्या खाली असावी, नाहीतर वरून खाली सरळ पसरत जाणारा घेर असावा.

मधलीच्या ड्रेसला ४ सेंटीमीटर दुमड होती. सुती मिश्र कापड, आत पॉलिस्टरचं अस्तर. घेतला तेव्हा मी खूश. बहिणीला फोन करून सांगितलं होतं, 'बघ, पुढच्या वर्षीही चालेल.' आठ महिन्यांत पोरगी १५१ ची १५५ झाली. हिशेब बरोबर जुळत होता, ४ वाढली, ४ सोडायचे. पण ज्याने हा ड्रेस शिवला त्याने वरच्या कापडाला मार्जिन ठेवली आणि अस्तराला ठेवली १ सेंटीमीटर. एकच! वरचं कापड खाली आलं, अस्तर तिथेच राहिलं, आणि खालच्या पट्ट्यातून उजेडात पाय दिसायला लागले. पांढऱ्या ड्रेसमध्ये अस्तर हाच खरा ड्रेस असतो हे शिवणाऱ्याला कळू नये? कापडाखाली हात घालून बोटं मोजता आली तर ते कापड एकटं चालत नाही, ही परीक्षा मी दुकानातच करते. मार्जिन मोजताना अस्तराची मोजायला मात्र मीही विसरले. तेव्हा थोडा राग माझ्यावरही आहे.

आणि मग ती रेघ. उसवल्यावर जुन्या घडीची रेघ राहतेच. सुती कापडावर ती पाणी आणि इस्त्रीने बरीच जाते. पॉलिस्टर मात्र गरम इस्त्रीखाली घडी पक्की धरून बसतं आणि मग सोडत नाही. पांढऱ्यावर ती रेघ राखाडी दिसते, कारण घडीच्या टोकावर कापड घासलं जातं आणि मळ तिथेच बसतो. जुन्या काळी मुलींच्या फ्रॉकला खाली आडव्या चुण्या घालून ठेवत आणि उंची वाढेल तशी एकेक चुणी सोडत. रेघ उरली तरी वरच्या चुण्यांमध्ये ती नक्षीच वाटायची. मला ही युक्ती आजच्या कुठल्याही लेसपेक्षा शहाणपणाची वाटते. हल्ली असा ड्रेस मिळत नाही. मिळत असेल तर कृपया कळवा.

रेघेकडे परत येते, कारण खरी गंमत तिथेच झाली. पण आधी भांडण.

पिवळेपणा दिसल्यावर दुकानाच्या ग्राहकसेवेला फोटो पाठवले. आतला पट्टा आणि बाहेरचं कापड, एकाच फोटोत. उत्तर आलं, 'ब्लीच वापरल्यामुळे असे होऊ शकते.' मी ब्लीच वापरलं नव्हतं. क्लोरीनच्या ब्लीचने ताणणारे धागे आणि सुरकुती न पडण्याची प्रक्रिया केलेलं कापड उलट पिवळं पडतं, एवढं मलाही माहीत आहे. तसं कळवलं. मग, 'उन्हात वाळवला असेल.' सावलीत वाळवला होता, लेबलवर लिहिलंय तसाच. मग, 'परत करण्याची मुदत संपली आहे.' हे खरं होतं, पण तिसऱ्या पत्रात आठवलं! एक तारा देऊन मोकळी होणार होते. परीक्षणाचा मजकूरही लिहून तयार होता आणि त्यातले काही शब्द इथे छापण्यासारखे नाहीत.

दरम्यान मी त्या रेघेच्या मागे लागलेच होते. पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून, आधी आतल्या शिवणीवर लावून बघून, मग रेघेवर फडक्याने टिपलं आणि ओल्या सुती कापडावरून इस्त्री फिरवली. रेघ निम्मी गेली. पण जिथे जिथे फडकं लागलं तिथे पिवळेपणा गेलेला! रेघेच्या आजूबाजूला दोन बोटं रुंदीचा पांढरा पट्टा उमटला. मळ असता तर एवढ्या सहज गेला नसता. ब्लीचचं पिवळं असतं तरी गेलं नसतं.

थोडं खणल्यावर कळलं, आणि ज्यांच्या कपाटात लग्नाबिग्नाचे पांढरे कपडे प्लास्टिकमध्ये टांगलेले आहेत त्यांनी हे नीट वाचावं. प्लास्टिक लवकर खराब होऊ नये म्हणून पॉलिथिनमध्ये पुष्कळदा बीएचटी नावाचं रसायन घालतात. ते हळूहळू बाहेर पडून कापडात शिरतं. हवेतल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडशी, म्हणजे गाड्यांच्या धुरात आणि गॅसच्या ज्योतीत तयार होतात त्यांच्याशी, त्याची गाठ पडली की पिवळा रंग तयार होतो. कापडधंद्यात याला फिनॉलिक यलोइंग म्हणतात आणि ही तिथली जुनी डोकेदुखी आहे. साबणाचा अंश कापडात राहिला असेल तर रंग जास्त उठतो. आंबट पाण्यात तो फिका पडतो, आणि उन्हातही बऱ्याचदा उडतो. दुमडीच्या आत हवा फारशी पोचली नाही म्हणून आतला पट्टा वाचला. म्हणजे ज्या ४ सेंटीमीटरवरून घरातले मला हसतात तोच माझा साक्षीदार निघाला.

धाकटीचा ड्रेस बहिणीने आजीच्या सांगण्यावरून उशीच्या जुन्या सुती अभ्र्यात गुंडाळून ठेवला होता. तो आजही घेतला तसा आहे. दोन्ही ड्रेस एकाच दुकानातून आले होते. बहीण काही बोलली नाही, पण तिने अभ्रा ज्या पद्धतीने उघडून दाखवला ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

त्यामुळे मत बदलावं लागलं. कापड वाईट नव्हतं, कव्हर वाईट होतं. मधलीचा ड्रेस पूर्ण पातळ व्हिनेगरच्या पाण्यात बुडवला, साध्या पाण्यातून दोनदा काढला आणि या वेळी मुद्दाम एक सकाळ उन्हात ठेवला. आता दुमडीतला पट्टा आणि वरचं कापड जवळजवळ एक दिसतं. 'जवळजवळ' म्हणते, कारण पांढऱ्यात पांढरं असतंच. बहुतेक पांढऱ्या कापडांना चमक आणणारं द्रव्य लावलेलं असतं. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं, म्हणून कापड पांढऱ्याहून पांढरं दिसतं. ऊन जास्त दाखवलं की तेही विझतं. समारंभाच्या फोटोत तिघी शेजारी उभ्या आहेत. थोरली निळसर, मधली दुधी, धाकटी सायीसारखी. एकाच दुकानाचे, एकाच नावाच्या पांढऱ्या रंगाचे तीन ड्रेस! सगळ्या बहिणी एका फोटोत हव्या असतील तर कापडाचे तुकडे दिवसाच्या उजेडात शेजारी धरून बघा. दुकानाच्या दिव्याखाली सगळं पांढरंच दिसतं.

थोरलीच्या ड्रेसबद्दल मी सुरुवातीला नाक मुरडलं होतं, कारण त्याला दुमड म्हणून काही नव्हतीच. काठाला नुसता बारीक गोट. आता तोच सगळ्यात कामाचा ठरतोय. ती काही आणखी वाढणार नाही आणि मधली दोन-तीन वर्षांत तिच्या आसपास पोचेल. लांब ड्रेस आखूड करता येतो, आखूड लांब करायला इतका द्राविडी प्राणायाम. शिवाय त्याला पुढे बटणं आहेत. पदवीच्या गाऊनवरचा तो हूड, म्हणजे गळ्यातून पाठीवर सोडलेला पट्टा, मागे ओढला जाऊन गळ्यात रुततो, तेव्हा त्याची नाडी अडकवायला बटण लागतं. बटण नसलेल्या मैत्रिणी सबंध वेळ हूड पुढे ओढत बसल्या होत्या. आतून मात्र पांढऱ्या ड्रेसखाली पांढरे कपडे घालू नयेत, त्वचेच्या रंगाचे घालावेत. पांढऱ्याखाली पांढरं उठून दिसतं. हे तिने मला शिकवलं, मी तिला नाही.

दुकानाला चौथं पत्र लिहिलं. या वेळी शांतपणे. तक्रार ड्रेसची नाही, कव्हरची आहे. 'याच कव्हरमध्ये जपून ठेवा' अशी चिठ्ठी तुम्हीच आत घालता. ती काढा किंवा कव्हर बदला. अस्तराच्या मार्जिनबद्दलही एक परिच्छेद लिहिला. तो बहुधा कोणी वाचला नाही.

काल उत्तर आलं. अपवाद म्हणून ड्रेस बदलून देणार आहेत. अट एकच, परत पाठवताना तो मूळ प्लास्टिक कव्हरमध्येच असला पाहिजे. कव्हर मी सोमवारीच कात्रीने फाडून कपाटाच्या फळीवर अंथरलंय.