जुन्या स्प्लेंडरचा क्लच: लोकल पूर्ण सेट की कंपनीच्या प्लेटा?

घाटात रेस वाढते, इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र रेंगाळते. म्हणजे क्लच घसरतोय. क्लचची केबल ओढून झाली, ऑइल बदलून झालं, तरी तेच. मग मिस्त्री विचारतो, "पूर्ण सेटच टाकायचा का नुसत्या प्लेटा?" माझ्या १९९९ च्या हिरो होंडा स्प्लेंडरमध्ये मी दोन्ही टाकून पाहिलंय.

आधी लोकल पूर्ण सेट घेतला. कंपनीच्या प्लेटा आणि स्प्रिंगांच्या पैशात थोडी भर घातली की हौसिंग (प्लेटा ज्यात बसतात ती वाटी), हब, प्रेशर प्लेट असं सगळंच नवं मिळत होतं. वीस-बावीस वर्षांच्या गाडीत जुनं हौसिंग कशाला ठेवायचं, असा माझा हिशेब. खरं सांगायचं तर ओढायला तो सेट चांगलाच होता. मांजरसुंब्याचा घाट डबलसीट असताना तिसऱ्यावर चढायची, घसरणं पार बंद झालं होतं.

त्रास दिला तो न्यूट्रलने. सकाळी गार गाडीत काही कळायचं नाही. पण बीडहून नेकनूरला येईपर्यंत इंजिन तापलेलं असायचं आणि बाजारात पुढं टेम्पो आडवा लागला की सुरू व्हायचं. क्लच पूर्ण दाबलेला, तरी गाडी हळूहळू पुढं सरकतेय. टाचेनं गिअर दाबतोय, एकदा, दोनदा, चारदा, पण हिरवा दिवा लागत नाही. मागं आई, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी, समोर कुणाची तरी बैलजोडी, आणि मी ब्रेक दाबून डाव्या हाताला रग लागेपर्यंत क्लच धरून उभा. शेवटी गाडी बंद करायची, न्यूट्रल काढायचं, पुन्हा किक. उन्हाळ्यात एका बाजारात तीन-तीनदा हे केलंय. केबल ॲडजस्ट करून पाहिली, काही उपयोग झाला नाही.

शेवटी क्लच उघडला. मिस्त्रीनं स्टीलच्या प्लेटा एकेक करून काचेवर ठेवल्या आणि कडेला बोट दाबलं. तीन प्लेटा टकटक वाजल्या. म्हणजे वाकड्या. अशी प्लेट क्लच दाबला तरी शेजारच्या लायनिंगच्या, म्हणजे पकड घेणाऱ्या प्लेटला घासत राहते. क्लच पूर्ण सुटत नाही, मग गिअर अडकतो.

दुसऱ्यांदा कंपनीच्या लायनिंग प्लेटा, स्टील प्लेटा आणि स्प्रिंगा घेतल्या. जुनं हौसिंग मी भंगारात दिलं नव्हतं, तेच परत बसवलं. त्याच्या बोटांवर, म्हणजे प्लेटा ज्यांच्यात अडकतात त्या कडेच्या पट्ट्यांवर, प्लेटांनी खाचा पाडल्या होत्या, नख फिरवलं की अडकायचं. बारीक कानशीनं त्या हलक्या हातानं साफ केल्या. प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवल्या. तेव्हापासून टाचेच्या एका दाबात न्यूट्रल येतं, इंजिन कितीही तापलेलं असो. उणी बाजूही आहे. सामान मिळायला आठवडा गेला आणि गाडी उभी, इंजिन स्लोवर असताना जुन्या हौसिंगची थोडी खडखड ऐकू येते. मला ती चालते.

तुमचं हौसिंगच गेलं असेल, म्हणजे खाचा खोल असतील किंवा हौसिंगच्या मागचा दातेरी गिअर हातानं हलवल्यावर ढिला लागत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा हौसिंग बदलावंच लागेल, जमलं तर कंपनीचं. तेवढी ऐपत नसेल तर हौसिंग लोकल घ्या, पण प्लेटांवर पैसे वाचवू नयेत असं मला वाटतं. सगळेच लोकल सेट वाईट असतील असं नाही, चांगला मिळालेले लोकही असतील. घेणारच असाल तर दुकानात काच मागा आणि प्लेटा तिथंच तपासा.

कव्हर उघडलंच आहे तर सेंट्रिफ्युगल फिल्टरमधला (ऑइलमधली घाण फिरवून अडकवणारा फिल्टर) काळा गाळ काढून घ्या, गॅस्केट नवं टाका. ऑइल डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचं मानक) लिहिलेलंच भरा, कारचं ऑइल नको, त्यानं नव्या प्लेटाही घसरू शकतात. आणि गाडी ताब्यात घेताना क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, आहे का बघा. माझी केबल कित्येक महिने ताणलेली होती, पहिल्या प्लेटा त्यातच जळाल्या असाव्यात.