समुद्रातला प्लॅटफॉर्म की माहुलची रिफायनरी?

मेकॅनिकलची पदवी घेऊन तेल-वायू उद्योगात शिरू पाहणाऱ्याला मुंबईत दोन्ही वाटा जवळच सापडतात: पश्चिमेला किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ साली सापडलेले मुंबई हायचे तेलक्षेत्र आणि पूर्वेला माहुलमधील भारत पेट्रोलियम व हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनऱ्या. या दोहोंची तुलना बहुतेक जण पगारावरून करतात. माझ्या मते ती कामाच्या स्वरूपावरून करावी.

प्लॅटफॉर्मवर मुख्य संबंध येतो तो फिरत्या यंत्रांशी. गॅस टर्बाइनवर चालणारे कंप्रेसर गॅस-लिफ्टसाठी, म्हणजे तेल वर चढायला मदत व्हावी म्हणून, विहिरींत उच्च दाबाने वायू सोडतात आणि मोठे पंप भूगर्भातला दाब टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी खाली ढकलतात. कंप्रेसर बंद पडला की उत्पादन घटते आणि सुटा भाग जहाजाने किंवा हेलिकॉप्टरने येईपर्यंत, विशेषतः पावसाळ्यात, आहे त्या साहित्यावर भागवावे लागते. पाळी साधारणतः १४ दिवस समुद्रात आणि १४ दिवस घरी अशी असते; गणपती त्यांपैकी कोणत्या चौदा दिवसांत येतील, हे आपल्या हाती नसते. धोकाही गृहीत धरावा. जुलै २००५ मध्ये एक सहायक जहाज रायझरवर (प्लॅटफॉर्मच्या तेल-वायू वाहणाऱ्या उभ्या नळीवर) आदळून लागलेल्या आगीत मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म नष्ट झाला आणि माणसेही दगावली.

रिफायनरीत हीट एक्सचेंजर, कॉलम (तेलाचे घटक वेगळे करणारे उंच मनोरे), भट्ट्या आणि पाइपिंग यांचे राज्य असते, आणि खरा शत्रू असतो गंज. अल्ट्रासोनिक उपकरणाने भिंतीची जाडी मोजायची, झिजेचा वेग काढायचा आणि उरलेले आयुष्य ठरवायचे, हे काम बाहेरून नीरस वाटते. पण काही वर्षांनी येणाऱ्या मोठ्या शटडाऊनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी संयंत्र बंद ठेवतात तेव्हा, कॉलम उघडून आपला अंदाज ताडून पाहता येतो, आणि त्या काही आठवड्यांत जे शिकायला मिळते ते एरवी वर्षभरातही मिळत नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची एपीआय ५१० (दाबपात्रांसाठी) व ५७० (पाइपिंगसाठी) ही तपासणीची प्रमाणपत्रे आखाती देशांतही चालतात.

तेलाच्या भावाचा फटका दोघांना सारखा बसत नाही. २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेले पिंप जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्या खाली आले, तेव्हा जगभर आधी थांबले ते ड्रिलिंग आणि नवे प्रकल्प. स्वस्त तेलही शुद्ध करावेच लागते, त्यामुळे रिफायनऱ्या चालू राहिल्या.

मन ठरत नसेल, तर आधी रिफायनरीत एक पूर्ण शटडाऊन अनुभवावा आणि मग समुद्राचा विचार करावा. ज्याला फिरत्या यंत्रांच्या व्हायब्रेशनचे आलेख वाचण्यातच गोडी आहे, त्याने मात्र थांबू नये, सरळ समुद्र गाठावा; कंप्रेसर रिफायनरीतही असतात, पण ते काम बहुधा वेगळ्या विभागाकडे असते आणि तिथल्या जागा मोजक्याच असतात.