माळकरी आईला चालेल असं रामेन : टोकियो स्टेशनातलं टीज तानतान

माझी आई माळकरी. मांस, मासे, अंडं काहीच चालत नाही. तीन महिन्यांसाठी ती आमच्याकडे टोकियोतल्या निशी-कासाईला आली. इथे भारतीय वस्ती मोठी, त्यामुळे तूरडाळ, हिंग सगळं मिळतं आणि घरी पोळीभाजी रोज होत होती. पण जपानात येऊन इथलं काहीच न चाखता तिने परत जावं, हे माझ्या मनाला पटेना.

पहिला प्रयत्न फसला. एका दुकानात मी 'यासाई रामेन' मागवलं. यासाई म्हणजे भाज्या, रामेन म्हणजे रश्शातले नूडल्स. वाडग्यात कोबी, गाजर, मोड आलेले मूग छान रचलेले होते. पण रस्सा डुकराच्या हाडांचा. मी उशिरा विचारलं, तोवर आईने चमचा हातात घेतला होता. काही न बोलता तिने तो खाली ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. इथे शाकाहाराची खरी मेख रश्शातच आहे. हाडं नसली तरी वाळवलेल्या माशाच्या किसाचं पाणी, म्हणजे दाशी, असतं, म्हणून साधं मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूपही बहुतेक वेळा चालत नाही.

मग सापडलं टोकियो स्टेशनातलं टीज तानतान. हे रामेनचं दुकान पूर्ण व्हिगन आहे. मांस नाही, मासे नाहीत, अंडं-दूधही नाही. रामेनच्या दुकानात बसून आईच्या वतीने एकही प्रश्न विचारावा लागला नाही, असं माझ्या इथल्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच घडलं.

दुकान स्टेशनच्या तिकीट फाटकाच्या आत, केइयो स्ट्रीट नावाच्या दुकानांच्या गल्लीत आहे. आम्ही कासाई-रिन्काई पार्कात समुद्र बघून केइयो या रेल्वे लाइनने आलो, त्यामुळे बाहेर पडायची गरजच पडली नाही. मात्र केइयोचे फलाट खोल जमिनीखाली आहेत आणि तिथून बरंच चालावं लागतं. सरकते पट्टे आहेत, तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन सावकाश या. रेल्वेने येणार नसाल तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा; ते दोन तास चालतं.

रांग होती, पण भराभर सरकली. जागा अरुंद. मोठी बॅग घेऊन आलात तर पायांशी अडचण होणार. आम्ही पांढऱ्या तिळाचं तानतानमेन, म्हणजे तिखटसर नूडल्स, घेतलं, हजार येनच्या आसपास. हा मूळचा चीनच्या सिचुआनचा पदार्थ, तिथे जवळजवळ कोरडाच खातात. चेन केनमिन नावाच्या स्वयंपाक्याने जपानात त्याला रस्सा दिला.

वाडगा समोर आला. बदामी रंगाचा दाट रस्सा, त्यावर लाल तेलाचे लहान-मोठे थेंब, मधोमध सोयाबीनचा खिमा, बाजूला हिरवी पालेभाजी. आईने आधी वास घेतला. "अगं, हा तर संक्रांतीचा वास!" खरंच, कढईत तीळ तडतडायला लागले की घरभर पसरतो तोच. मग तिने चमच्याने रस्सा घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाली, "तीळ नीट भाजलेत. कच्चे असते तर कडवट लागले असते."

चॉपस्टिक्स तिला जमेनात, म्हणून काटा मागून घेतला. शेजारचे लोक आवाज करत नूडल्स ओढत होते. मी तिला सांगितलं, इथे तसंच खातात. पंगतीत कढीचा भुरका मारणारी बाई ती, तिला आणखी काय हवं! पहिल्या भुरक्यालाच चष्म्यावर वाफ धरली. तिने चष्मा काढून पदरात ठेवला आणि मान खाली घालून शेवटपर्यंत जेवली.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. रस्सा जड आहे. वयस्कर माणसाला पूर्ण वाडगा जास्त होतो. आणि गप्पा मारत बसलात तर नूडल्स फुगतात, त्यामुळे गरम असतानाच खा. तिखट मात्र आपल्या जिभेला बेताचंच.

परत जायच्या आदल्या आठवड्यात आईने स्वतःहून विचारलं, "त्या तिळाच्या दुकानात जाऊ या का?" या वेळी काळ्या तिळाचं घेतलं. रस्सा जवळजवळ काळाच. एक घोट घेऊन ती म्हणाली, "कारळाच्या चटणीची आठवण झाली." मग रिकामा वाडगा माझ्याकडे सरकवून तिने तीळ किती बारीक वाटले असतील ते दाखवलं, बोटाला बोट घासून.