‘रानातली’ म्हणून विकलेली सफेद मुसळी

दुर्मिळ औषधी वनस्पतींचे ‘रानातले’ नमुने संशोधनासाठी विकत घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी, प्राध्यापकांनी आणि छोट्या आयुर्वेदिक औषधनिर्मात्यांनी सावध व्हावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गांना वनस्पतिरसायन शिकवते. आमच्या एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पासाठी सफेद मुसळीचे रानटी आणि लागवडीचे कंद हवे होते. ते पुरवतो म्हणून ज्याने पैसे घेतले, त्याने रानातली म्हणून शेतातलीच मुसळी दिली, आणि एका पिशवीत तर मुसळीही नव्हती.

सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी 1950 च्या दशकात साष्टी बेटावरच्या, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरातल्या झाडांवरून या जातीचे वर्णन केले, आणि नावात बोरिवली आली. पुढे शक्तिवर्धक म्हणून कंदांना प्रचंड मागणी आली. कंद खणला की झाडच जाते, त्यामुळे रानातली मुसळी झपाट्याने कमी होत गेली, आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान या भागांत तिची लागवड सुरू झाली. आमचा प्रश्न एवढाच होता की शेतातल्या कंदात रानातल्या कंदाइतकीच आणि त्याच प्रकारची सॅपोनिने, म्हणजे पाण्यात फेस आणणारी औषधी द्रव्ये, असतात का. तशी ती असतील, तर औषधासाठी रान खणण्याचे कारणच उरत नाही. या प्रश्नाच्या उत्तरावर झाडांचे जगणे अवलंबून आहे, म्हणून मला या फसवणुकीचा राग पैशांपेक्षा जास्त या कारणासाठी आहे.

मशीद बंदरच्या एका काष्ठौषधी दलालाच्या ओळखीने हा पुरवठादार आमच्यापर्यंत आला. बोलणे अदबीचे, झाडांची माहिती पुष्कळ. “मॅडम, हा अस्सल रानातला माल आहे, डोंगरावरचे आमचे लोक स्वतः काढून देतात, शेताचा एक कांदासुद्धा यात मिळणार नाही,” असे त्याने पहिल्याच भेटीत सांगितले. नंदुरबारकडचा सातपुडा, मेळघाट आणि डांग अशा तीन ठिकाणांच्या वेगवेगळ्या पिशव्या तो देणार होता, आणि तुलनेसाठी लागवडीची मुसळीही त्याच्याकडूनच मिळणार होती. रानातल्या मालाचा भाव लागवडीच्या मालाच्या कित्येक पट होता. आम्ही कागद मागितले, आणि तेही त्याने तत्परतेने दिले: वनविभागाच्या शिक्क्यासारखा शिक्का असलेली वाहतूक परवान्याची झेरॉक्स, झाडांचे फोटो, एका खासगी प्रयोगशाळेचा अहवाल आणि जीएसटी क्रमांक छापलेले बिल. निम्मी रक्कम आगाऊ यूपीआयने गेली, उरलेली माल तपासल्यावर द्यायची ठरली. तो उरलेला भाग तरी त्यामुळे वाचला.

पिशव्या उघडल्यावर पहिली शंका कंदांच्या आकारावरून आली. रानातल्या मुसळीला कंद थोडे येतात, लहानमोठे येतात, काही वाकडे असतात. इथे सातपुडा आणि मेळघाट या दोन्ही ठिकाणचे कंद जवळजवळ एकाच जाडीचे, एकाच पद्धतीने सोललेले आणि वरच्या टोकाला पात्याने सरळ कापलेले होते. शेतकरी कोंब फुटणारा वरचा गड्डा पुढच्या लावणीसाठी राखून ठेवतो आणि कंद असेच कापून वेगळे करतो. डांगची म्हणून दिलेली पिशवी मात्र निराळी होती. त्यातल्या मुळ्या लांब, दोन्ही टोकांना निमुळत्या, अंगावर उभ्या खोल सुरकुत्या असलेल्या होत्या, आणि अनेकींना लांबीच्या दिशेने चीर दिलेली होती. रात्रभर पाण्यात भिजवून आडवा काप घेतला, तेव्हा मधला चिवट गाभा ओढून काढल्याची पोकळी स्पष्ट दिसली. शतावरी सुकवण्यापूर्वी तिच्या मुळीचा तो दोरीसारखा गाभा असाच काढतात.

नंतर मिथेनॉलमध्ये अर्क काढून सिलिकाच्या पट्टीवर सर्व नमुने शेजारीशेजारी चढवले, पट्टी चालवली, म्हणजे द्रावक वर चढू देऊन घटक वेगळे होऊ दिले, आणि ते दिसावेत म्हणून ॲनिसाल्डिहाइड आणि सल्फ्युरिक आम्ल फवारून तापवली. सातपुडा, मेळघाट आणि लागवडीचा नमुना यांचे पट्टे एकमेकांवर ठेवावेत इतके सारखे उमटले, अगदी पुसटशा पट्ट्यांसकट. दोन जंगलांतली झाडे सहसा अशी जुळत नाहीत. माती, उंची, पाऊस, झाडाचे वय, कंद काढण्याचा महिना, सुकवण्याची रीत, यातल्या प्रत्येक गोष्टीने अर्कातल्या घटकांचे प्रमाण थोडेफार हलते, आणि तेवढ्यासाठीच तर तुलना करायची असते. इथे एकाच शेतातला एकच ढीग या तीन पिशव्यांत भरला असावा, हा कंदांच्या कापावरून आलेला संशय पट्टीने पक्का केला. डांगच्या नमुन्याचे पट्टे सर्वस्वी वेगळे होते, आणि शतावरिनचा, म्हणजे शतावरीतल्या सॅपोनिनचा, शुद्ध नमुना शेजारी चालवल्यावर ती शतावरीच असल्याची खात्री झाली.

त्याच्या प्रयोगशाळेच्या अहवालाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त लोक इथेच फसतात. अहवालात ‘एकूण सॅपोनिन’ असा एकच आकडा होता, आणि तो आकडा खोटा नसावा असे मला वाटते. ही चाचणी बहुधा अशी करतात: अर्क पाण्यात घ्यायचा, ब्युटेनॉल या द्रावकाबरोबर हलवायचा, ब्युटेनॉलमध्ये जे उतरेल ते वाळवायचे आणि तराजूवर ठेवायचे. जे वजन येईल ते सगळे सॅपोनिन म्हणून लिहिले जाते. ब्युटेनॉलमध्ये शतावरीची सॅपोनिने उतरतात, मुसळीची उतरतात, आणि त्यांच्यासोबत सॅपोनिन नसलेलेही काही उतरते. त्यामुळे शतावरीसुद्धा या चाचणीत ‘उत्तम मुसळी’ ठरू शकते. दारुहळदीच्या बाबतीतही हेच चालते. हिमालयातले बर्बेरिस नावाचे झुडूप आणि पश्चिम घाटातली कॉसिनियम नावाची वेल या दोन्हींमध्ये बर्बेरिन हे पिवळे द्रव्य असते, दोन्हींचे लाकूड पिवळे असते, आणि ज्याने फक्त बर्बेरिन मोजले त्याला दोन्ही एकच वाटतील. अशोकाच्या सालीऐवजी रस्त्याकडेच्या आसुपालवाची साल विकली जाते, हे तर या धंद्यातल्या कोणालाही विचारा. एका आकड्याच्या अहवालावरून वनस्पती कोणती हे कळत नाही, मग ती रानातली की शेतातली हे कसे कळणार?

आमच्या हातून हे नमुने तसेच पुढे गेले असते तर काय झाले असते, याचा विचार केला की अस्वस्थ व्हायला होते. पहिल्या दोन पिशव्यांवरून ‘रानटी आणि लागवडीची मुसळी अगदी एकसारखी’ असा निष्कर्ष निघाला असता, जो कदाचित खरा असेलही, पण आमच्याकडे त्याचा काडीचाही पुरावा नसता. तिसरी पिशवी धरली असती तर ‘रानातल्या मुसळीचे रसायन वेगळेच’ असे छापले गेले असते, आणि तो कागद दाखवून रानातल्या मालाचा भाव आणखी चढवणारे व्यापारी कमी नाहीत. उरलीसुरली झाडे त्या भावापायी खणली गेली असती.

असे नमुने घेणाऱ्यांना माझे सांगणे असे आहे. सुकलेला कंद किंवा भुकटी रानातली म्हणून घेऊच नका. फुलासकट अख्खे झाड दाबून सुकवलेले, त्यावर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेले, असा नमुना वनस्पतीसंग्रहात जमा झाला असेल आणि त्याचा क्रमांक मिळत असेल, तरच त्याच झाडांचे कंद रसायनासाठी घ्या. मुंबईत झेवियर्समधले ब्लॅटर हर्बेरियम यासाठी प्रसिद्ध आहे. मुसळीच्या बाबतीत फूल पावसाळ्यात येते आणि कंद पाने पिवळी पडून वाळल्यानंतर तयार होतात, म्हणून त्याच जागी दोन ऋतूंत जावे लागते. जो पुरवठादार ‘आठवड्यात देतो’ म्हणतो, त्याने फूल पाहिलेले नाही असे समजावे. दुसरी तितकीच सफेद दिसणारी क्लोरोफायटम ट्युबरोसम ही जातही आपल्या डोंगरांत भरपूर आहे. तिचे कंद बारीक मुळांच्या टोकाला लोंबतात, बोरिविलिएनमचे थेट गड्ड्यापासून निघतात. पण सोलून कापल्यावर हा फरक राहत नाही, आणि सोलून देण्याचा आग्रह बहुधा त्यासाठीच असतो.

कागदांच्या बाबतीत, वाहतूक परवान्याची झेरॉक्स स्वीकारू नये. परवान्यावरचा क्रमांक घेऊन संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेकडून माल येत असेल, तर ग्रामसभेशी थेट बोलावे. त्यात मधला माणूसही टळतो आणि पैसे गावात जातात. जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाचे नाव दिसते. आमच्या बिलावरचा क्रमांक टाकला तेव्हा कपड्यांच्या व्यवसायाचे नाव निघाले. फोटोही त्याचे नव्हते, तेच फोटो आम्हाला इंटरनेटवर इतरत्र सापडले.

पट्टीचे निकाल पाठवल्यावर पुरवठादाराने आधी ‘प्रयोगशाळा चुकली’ म्हटले, मग उरलेली रक्कम मागितली, आणि शेवटी फोन उचलणे बंद केले. आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर आणि नंतर पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली लेखी तक्रार दिली आहे. पिशव्या सीलबंद ठेवल्या आहेत, पट्ट्यांचे फोटो तारखेसह जोडले आहेत. तक्रार देताना बोलण्याचा वृत्तांत पुरत नाही. ‘रानातली’ असा शब्द बिलावर किंवा व्हॉट्सॲपवर लिखित असेल तर तोच उपयोगी पडतो, म्हणून सौदा करताना तो लिहून घ्यावा. विद्यार्थिनीचा एक हंगाम वाया गेला. आता ती येत्या पावसाळ्यात वनविभागाची रीतसर परवानगी घेऊन फुललेली झाडे जागेवरच नोंदवणार आहे, आणि कंद मोजकेच, तेही गड्डा पुन्हा मातीत लावून, घेणार आहे.