एका फायबर लाइनवर तीन भाडेकरू: हेक्स राउटर आणि क्यू-ट्री, पावसाळाभर वापरल्यानंतर

१०० एमबीपीएसची एकच फायबर लाइन. तिच्यावर सीएचं ऑफिस, शिकवणीचे वर्ग आणि तळमजल्यावरचं दुकान. कोल्हापूरच्या राजारामपुरीत अशी वाटणी काही नवीन नाही. राउटर मायक्रोटिकचा हेक्स, आरबी७५०जीआर३: पाच गिगाबिट पोर्ट, २५६ एमबी रॅम. वाय-फाय यात नाही, ॲक्सेस पॉइंट वेगळा घ्यावा लागतो. प्रत्येक भाडेकरूला वेगळं व्हीएलॅन, म्हणजे त्याच तारांवरचं स्वतंत्र नेटवर्क, दिलंय. लाइनची वाटणी क्यू-ट्रीनं होते: एका मूळ क्यूच्या (रांगेच्या) फांद्या करून प्रत्येकीला वेगाची मर्यादा आणि प्रायॉरिटी द्यायची.

प्रायॉरिटीत १ सगळ्यात वरचा आणि ८ सगळ्यात खालचा. पण पॅकेटांची रांग आपल्या राउटरमध्ये लागतच नसेल, तर हे आकडे नुसते शोभेचे. लाइन तुंबली की रांग ओएनटीत (घरातल्या फायबरच्या यंत्रात) किंवा सेवा देणाऱ्याच्या यंत्रात लागते, आणि तिथं आपला हुकूम चालत नाही. म्हणून रात्री आठ-नऊच्या गर्दीत, लॅपटॉपला वायर लावून वेग मोजायचा. ९३ मिळत असेल तर मूळ क्यूचं मॅक्स-लिमिट (वेगाची कमाल मर्यादा) ८५ ठेवायचं. आठ एमबीपीएस सोडायला जिवावर येतं, पण मोठी फाइल चढत असताना पिंग (पॅकेट जाऊन उत्तर येण्याचा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या वर उडायचा, तो आता वीसच्या आसपास राहतो.

त्याआधी फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा (पॅकेटं आडवाटेनं लवकर पुढं काढण्याचा) नियम बंद करा. त्यातून जाणारी पॅकेटं मँगल (पॅकेटांवर खूण करणारे नियम) आणि ग्लोबल क्यू (सगळ्या इंटरफेसना मिळून असलेली रांग) दोन्ही चुकवून पुढं सटकतात, त्यामुळे क्यूचा काउंटर जेमतेम हलतो. नियम बंद केल्यावर राउटर एकदा रीबूट करायचा, नाहीतर जुनी कनेक्शनं तशीच पळत राहतात. याने सीपीयूवर भार वाढतो. १०० च्या लाइनला काही वाटत नाही, गिगाबिटला मात्र हा डबा दमेल.

खरी मेहनत लिमिट-ॲटमध्ये, म्हणजे क्यूला दिलेल्या किमान वेगाच्या हमीत, आहे. आधी प्रत्येक क्यूला त्याचं लिमिट-ॲट मिळतं, मगच उरलेल्याची वाटणी प्रायॉरिटीनं होते, तीही फक्त शेवटच्या फांद्यांवर. अपलोडला असं ठेवलंय (एमबीपीएसमध्ये): फोन २, ऑफिस ३०, वर्ग २५, कॅमेरे १२. बेरीज ६९, म्हणजे ८५ च्या आत. ही बेरीज मूळ मर्यादेच्या वर गेली की हमी कुणालाच राहत नाही. इंटरनेट फोनच्या जी.७११ पद्धतीचा एक कॉल एका दिशेला जेमतेम ९० केबीपीएस खातो, तेव्हा फोनला २ भरपूर झाले. क्लाउडवर चढणाऱ्या कॅमेऱ्यांना प्रायॉरिटी ८ आणि वर मॅक्स-लिमिट १५. विसाव्या तारखेला जीएसटीचं रिटर्न भरताना नेट अडकतं म्हणून ओरड होते. रिटर्न किलोबाइटांचं असतं हो, लाइन खातात ते हेच कॅमेरे आणि बॅकअप.

अपलोडच्या झाडाचा पेरेंट (ते जिथं जोडायचं ती जागा) पीपीपीओई, म्हणजे फायबरच्या लॉगिनचा इंटरफेस, डाउनलोडचा ग्लोबल. मँगलमध्ये आधी कनेक्शन मार्क करा, मग त्यावरून पॅकेट, आणि पॅकेटच्या नियमात पासथ्रू (पुढचे नियमही तपासत राहणं) बंद.

पावसात खांबावरची केबल तुटली की लाइन ४जी डोंगलवर जाते. तिथं वीसच एमबीपीएस मिळत असताना डाउनलोडचं ८५ चं छत निरुपयोगी, आणि अपलोडचं झाड तर दुसऱ्या इंटरफेसवर लागूच होत नाही. डोंगलसाठी अपलोडचं वेगळं झाड बांधा, आणि डाउनलोडचं मॅक्स-लिमिट नेटवॉचच्या (लाइन चालू आहे का ते पिंग करून पाहणाऱ्या सोयीच्या) डाउन स्क्रिप्टनं १५ वर आणा, अप स्क्रिप्टनं परत ८५ वर. नेटवॉच ज्या आयपीला पिंग करतं, त्याचा रूट (जाण्याचा मार्ग) फायबरवरच बांधून ठेवा. नाहीतर डोंगलवरून पिंग लागतो आणि लाइन आली असं समजून स्क्रिप्ट उलटसुलट चालत राहते.